व्हॉल्व बदलला तरी रेडिओ पुन्हा फाटतो? आधी पिन २ वरचं व्होल्टेज मोजा

रेडिओ लावला की अर्ध्या-पाऊण मिनिटात व्हॉल्व तापतात, स्टेशन लागतं, आवाज भरदार येतो. दहा-पंधरा मिनिटं सगळं सुरळीत. मग ‘स’ आणि ‘श’ चिरकायला लागतात, डग्ग्यावर थाप पडली की आवाज फाटतो, जोर कमी होतो, घरघर वाढते. मागून हात लावून पाहावं तर मेन ट्रान्सफॉर्मरचा चटका बसतो. खोलीत अंधार केला तर आउटपुट व्हॉल्वच्या काचेत फिलामेंटच्या नारिंगी उजेडाशिवाय आणखी कुठेतरी लालसर झाक दिसते. तासभर बंद ठेवून परत लावला की पहिले पाढे पंचावन्न.

जुन्या व्हॉल्व रेडिओबद्दल मला जे प्रश्न येतात त्यांत या तक्रारीचा नंबर पहिला, आणि तिच्याबरोबर एक वाक्य ठरलेलं असतं: "आउटपुट व्हॉल्व बदलून झाला, थोडे दिवस बरा चालला, आता पुन्हा तेच." हे वाक्य ऐकलं की माझा संशय एकाच जागी जातो. ईएल८४, म्हणजे हाच आउटपुट व्हॉल्व, बिचारा दुसऱ्याच्या पापाने मरत असतो, आणि ते पाप बहुतेक वेळा बोटाच्या पेराएवढ्या एका कागदी कंडेन्सरचं असतं. म्हणून नवा व्हॉल्व विकत घेण्याआधी एकच मोजमाप करा. ईएल८४ची पिन २ आणि चासी (रेडिओचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये डीसी व्होल्टेज किती आहे? ते शून्य असायला हवं. पुढचं सगळं त्या एका आकड्याभोवती फिरतं.

इथे मी पाच व्हॉल्वचा एसी सेट धरून चाललो आहे: ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४ आणि ईझेड८०. साठच्या दशकात आपल्याकडे घरोघरी असलेल्या बऱ्याच सेटांत, मग तो ठाण्याच्या कारखान्यातून निघालेला मर्फी असो, फिलिप्स असो की बुश, थोड्याफार फरकाने हाच संच सापडतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रिसीव्हिंग व्हॉल्व बनवायला सुरुवात केली, त्यामुळे तुमच्या सेटातल्या एखाद्या काचेवर ‘बीईएल’ छापलेलं असण्याची शक्यता बरीच. व्हॉल्वची नावं यू अक्षराने सुरू होत असतील (यूसीएच, यूएफ, यूबीसी, यूएल, यूवाय), तर मात्र थांबा. तो सेट वेगळ्या जातीचा आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय चासीला हात लावू नका.

हात घालण्याआधी

या सेटांत एच.टी.चं (हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्वना लागणारं मोठं डीसी) व्होल्टेज २५० ते ३०० असतं, आणि रेडिओ बंद करून प्लग काढल्यावरही ते मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये बराच वेळ टिकून राहू शकतं. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची जुनी पद्धत मला अजिबात पसंत नाही. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर लावा आणि त्यातून कंडेन्सर निवांत रिकामा होऊ द्या. मग मीटर लावून पाहा. मीटरने शून्य दाखवल्याशिवाय चासीत बोट घालायचं नाही. चालू सेटात मोजताना मीटरची काळी पिन क्रोकोडाइल क्लिपने चासीला अडकवून ठेवा, लाल पिन एकाच हातात धरा आणि दुसरा हात खिशात ठेवा. पायात रबरी चप्पल, आणि घरात कुणीतरी जागं माणूस हवं.

बरीच वर्षं बंद पडलेला सेट असेल तर पहिला करंट सिरीज बोर्डावरूनच द्या. इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच, ६० किंवा १०० वॉटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावलेला. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब एकदा लख्ख पेटून मंदावला तर ठीक. तसाच लख्ख जळत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि त्या बल्बने तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचवला आहे. एवढं लक्षात ठेवा की बल्ब सिरीजमध्ये असताना सेटला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. खाली दिलेले आकडे बल्ब काढून, सरळ मेनवर घ्यायचे आहेत.

मुळात होतं काय

ईबीसी८१ मधला ट्रायोड आवाज मोठा करतो आणि ईएल८४च्या ग्रिडकडे, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीकडे, पाठवतो. ट्रायोडच्या प्लेटवर (इलेक्ट्रॉन जिथे पोचतात ती पट्टी) साधारण ८० ते १०० व्होल्ट डीसी असतं, आणि त्या डीसीवर स्वार होऊन आवाजाचा एसी सिग्नल आलेला असतो. पुढे फक्त एसी जावा, डीसी मागेच अडावं, यासाठी मध्ये एक कंडेन्सर बसवलेला असतो, ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा. यालाच कपलिंग कंडेन्सर म्हणतात. ईएल८४च्या ग्रिडवरून चासीकडे ४७० किलोओहम ते १ मेगओहमचा एक रेझिस्टन्स जातो, त्यामुळे ग्रिड शून्य व्होल्टवर बसते. कॅथोडखाली (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, पिन ३) १५० ओहमच्या आसपासचा रेझिस्टन्स असतो. त्यातून व्हॉल्वचा करंट वाहतो तेव्हा कॅथोड ७ व्होल्टच्या आसपास वर उचलला जातो. म्हणजे कॅथोडच्या दृष्टीने ग्रिड उणे ७ वर. हाच व्हॉल्वचा लगाम.

आता तो कपलिंग कंडेन्सर म्हणजे मेणात बुडवलेला कागद आणि त्यात गुंडाळलेली पातळ ॲल्युमिनियमची पन्नी. साठ वर्षांत कागद दमट झाला, मेण कोरडं पडून तडकलं. कंडेन्सर पाझरतो, म्हणजे थोडं डीसी पलीकडे जाऊ देतो. किती थोडं? समजा त्याचा पाझर २० मेगओहम इतका आहे. ऐकायला हा आकडा भरपूर वाटतो. ग्रिडचा रेझिस्टन्स ६८० किलोओहम आणि ट्रायोडच्या प्लेटवर ९० व्होल्ट धरले, तर ग्रिडवर येणारं व्होल्टेज ९० × ०.६८ ÷ २०.६८, म्हणजे जवळजवळ ३ व्होल्ट. पाझर १० मेगओहमवर आला की हेच ५.७ होतं. सात व्होल्टच्या लगामातून तीन किंवा साडेपाच गेले, तर घोडा उधळणारच.

कॅथोडचा रेझिस्टन्स काही प्रमाणात सांभाळून घेतो, कारण करंट वाढला की कॅथोडही वर चढतो. तरीही ४८ मिलिअँपिअरवर निवांत चालणारा व्हॉल्व साठ-सत्तरवर जातो. ईएल८४च्या प्लेटला १२ वॉटची मर्यादा आहे, ती ओलांडली जाते. ईझेड८० या रेक्टिफायरला (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व) ९० मिलिअँपिअरची मर्यादा आहे. बाकीचे तीन व्हॉल्व पंचवीस-तीस घेतात, म्हणजे तीही गेली. मेन ट्रान्सफॉर्मर का तापतो ते इथे कळतं. आणि या सगळ्यात शेवटी ज्याचा बळी जातो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ईएल८४ आणि स्पीकर यांच्यामधला) असतो, त्याच्या प्रायमरीची केसाएवढी तार जळून तुटते. व्हॉल्व मिळतो, त्या जागी नेमका बसणारा ट्रान्सफॉर्मर मिळवायला मात्र वणवण करावी लागते. म्हणून अशा सेटावर "फाटका का होईना, वाजतोय ना" म्हणून गाणी ऐकत बसू नका.

आता दहा-पंधरा मिनिटांचं कोडं. कागदी कंडेन्सर तापला की त्याचा पाझर वाढतो. थंड असताना ग्रिडवर पाव व्होल्टही नसतं. चासीखाली उष्णता साठते तसा आकडा चढतो. आकडा चढला की ईएल८४ जास्त तापतो आणि शेजारच्या कंडेन्सरला आणखी तापवतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

आणि नवा व्हॉल्व टाकल्यावर बरं का वाटतं, तेही याच ओघात समजतं. ईएल८४ मध्ये ग्रिड आणि कॅथोड यांच्यात अंतर अगदी कमी असतं. व्हॉल्व मर्यादेपेक्षा जास्त तापत राहिला की कॅथोडवरचा लेप उडून ग्रिडच्या तारेवर बसतो, आणि मग ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडायला लागते. तिच्यावर आणखी धन व्होल्टेज चढतं. म्हणजे आता दोन दोष एकावर एक. नवा व्हॉल्व टाकला की दुसरा दोष जातो, पहिला तसाच राहतो. म्हणून सुधारणा दिसते, आणि म्हणूनच ती टिकत नाही.

मोजमाप

चासी उलटी करा. ईएल८४ला नऊ पिना असतात. खालून, म्हणजे सोल्डरच्या बाजूने पाहताना, पिनांमधली मोठी फट शोधा. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १, २, ३ असं मोजायचं. २ ग्रिड, ३ कॅथोड, ४ आणि ५ फिलामेंट, ७ प्लेट, ९ स्क्रीन. पिन ७ आणि ९ वर पूर्ण एच.टी. आहे, तिकडे मीटरच्या लाल पिनेची सुई घसरू देऊ नका. मी सुईच्या टोकावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवतो, फक्त दोन-तीन मिलिमीटर धातू उघडा राहतो.

मीटरबद्दल दोन शब्द, कारण इथे बरेच जण फसतात. १० मेगओहम इनपुटचं डिजिटल मीटर असेल तर वरच्या उदाहरणातले ३ व्होल्ट जवळपास तसेच दिसतील. स्वस्तातलं पिवळं मीटर बहुतेक वेळा १ मेगओहमचं असतं, ते तेच ३ व्होल्ट १.८ दाखवेल. काट्याचं, २० हजार ओहम पर व्होल्टचं मीटर १० व्होल्टच्या रेंजवर ठेवलंत तर जेमतेम ०.७. मीटर खोटं बोलत नसतं. ते स्वतःच ग्रिडच्या रेझिस्टन्सला समांतर बसतं आणि व्होल्टेज खाली ओढतं. म्हणून काट्याच्या मीटरवर पिन २ ला काटा नुसता हलला तरी तो गंभीर मानायचा.

रेडिओ लावा, आवाज शून्यावर ठेवा. दोन मिनिटांनी पिन २ आणि पिन ३ ची रीडिंग लिहून ठेवा. वीस मिनिटांनी पुन्हा घ्या. मागच्या पावसाळ्यात चिपळूणकडून आलेल्या एका सेटाची, १५० ओहमचा कॅथोड रेझिस्टन्स असलेल्या, ही रीडिंग: सुरुवातीला पिन २ वर ०.३, पिन ३ वर ७.५. नंतर पिन २ वर ५, पिन ३ वर १०.५. साडेदहा भागिले दीडशे, म्हणजे ७० मिलिअँपिअर. मालकांनी दोन व्हॉल्व आधीच बदलून आणले होते आणि तिसरा खिशात होता. तो खिशातच राहिला.

खात्री करायची तर चासीच्या वर काही न छेडता हेअर ड्रायरची कोमट हवा संशयित कंडेन्सरवर हातभर अंतरावरून सोडा आणि पिन २ वरचा आकडा पाहत राहा. दोषी कंडेन्सर असेल तर आकडा पाव, अर्धा, दीड असा डोळ्यांदेखत चढतो आणि हवा बंद केली की हळूहळू उतरतो. शेजारच्या रेझिस्टन्सवर हवा सोडली तर ढिम्म हलत नाही. इतका बोलका पुरावा दुसरा नाही.

पिन २ शून्यावर ठाम आहे आणि पिन ३ सुद्धा शून्याजवळ आहे, पण व्हॉल्व लाल होतोय? मग कॅथोडच्या रेझिस्टन्सला समांतर असलेला २५ किंवा ५० मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलिटिक शॉर्ट झाला आहे. तो बदला, काम झालं.

पिन २ वर व्होल्टेज आहे, आता गुन्हेगार कोण

इथे घाई करू नका. पिन २ वर धन व्होल्टेज येण्याच्या वाटा चार आहेत आणि त्या एकेक करून बंद करायच्या.

सेट बंद करा, कंडेन्सर रिकामे करा. कपलिंग कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोल्डर वितळवून मोकळं करा, दुसरं टोक ईबीसी८१कडे तसंच राहू द्या. आधी ग्रिडचा रेझिस्टन्स मोजून घ्या. ६८० किलोओहमचा असेल आणि मीटर मेगओहममध्ये भलतंच काही किंवा ‘ओपन’ दाखवत असेल, तर ग्रिड हवेत लटकते आहे. लक्षणं हुबेहूब हीच येतात. तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता सेट चालू करून त्या मोकळ्या टोकावर मीटर लावा. टोकाला हात लावायचा नाही. सुरुवातीला आकडा उडी मारतो आणि खाली येतो, ते स्वाभाविक आहे. चांगला कंडेन्सर शून्याजवळ येऊन थांबतो. पाझरणारा थांबत नाही. २० मेगओहमचा पाझर असेल तर १० मेगओहमच्या मीटरवर चक्क ३० व्होल्ट दिसतात, पिवळ्या मीटरवरसुद्धा चारेक व्होल्ट. म्हणून मला ही चाचणी सगळ्यात आवडते, इथे शंकेला जागाच उरत नाही. काही जण कंडेन्सर काढून मीटरच्या ओहम रेंजवर तपासतात आणि "चांगला आहे" म्हणतात. ओहम रेंजवर मीटर त्याला थोडेसेच व्होल्ट देतं, सेट मात्र नव्वद देतो. कमी व्होल्टवर शहाण्यासारखा वागणारा कंडेन्सर नव्वदवर तसा वागेलच असं नाही.

टोक मोकळं असतानाच पिन २ सुद्धा पाहा, सेट चांगला तापल्यावर. शून्य असेल तर व्हॉल्व निर्दोष. अजूनही व्होल्ट-दीड व्होल्ट चढत असेल तर व्हॉल्वची ग्रिड बिघडली आहे किंवा काचेत हवा शिरली आहे. अशा वेळी कंडेन्सर आणि व्हॉल्व दोन्ही बदलावे लागतात, पण याच क्रमाने, आधी कंडेन्सर.

चौथी वाट कोकणातल्या आणि गोव्यातल्या सेटांत जास्त दिसते. माळ्यावर पावसाळे काढलेल्या सेटाच्या सॉकेटमध्ये आणि टॅग बोर्डवर (वायरी जोडायच्या पट्टीवर) ओल, धूळ, झुरळांची घाण आणि जुना फ्लक्स यांचा थर बसतो आणि प्लेटपासून ग्रिडपर्यंत विजेला वाट मिळते. ओळखायची पद्धत अशी: कंडेन्सर मोकळा, ईएल८४ सॉकेटातून काढून घेतलेला, आणि तरीही पिन २ वर व्होल्टेज. व्हॉल्व काढल्यावर एच.टी. वर चढते, म्हणून ही चाचणी मिनिटाभरात आटपा. थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन सॉकेट दोन्ही बाजूंनी घासा, दिवसभर सुकू द्या. सॉकेटवर पिना जोडणारी काळी जळकी रेघ दिसली तर घासत बसू नका, सॉकेट बदला. जळालेलं बेकेलाइट कोळसा झालेलं असतं, ते पुन्हा इन्सुलेटर होत नाही.

काय घालायचं

०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. त्यावर २२३ लिहिलेलं असतं. ०.०१ असेल तर १०३. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, कुठेही मिळतो आणि चहाच्या पैशांत येतो. किंमत कमी म्हणून १०० व्होल्टचा घेऊ नका. सेट चालू होताना ईबीसी८१ अजून थंड असतो आणि त्याच्या प्लेटवर काही क्षण पूर्ण एच.टी. येते. तीच सोसायची म्हणून ६३०. व्हॅल्यू वाढवून खर्ज वाढेल या आशेने ०.१ लावण्यात अर्थ नाही, छोट्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला तो खर्ज झेपत नाही.

जुन्या कारागिरांनी तारेचे टोक टॅगभोवती वेढे देऊन सोल्डर केलेलं असतं. ते ओढून काढायला गेलात तर सॉकेटचा टॅगच हातात येतो. तार अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा आणि नव्याची तार त्या खुंटाला वळवून सोल्डर करा. नवा कंडेन्सर कॅथोडच्या रेझिस्टन्सला किंवा ईएल८४च्या सॉकेटला चिकटवू नका. थंड कोपरा शोधा, तारांवर स्लीव्ह घाला.

जुना कंडेन्सर मी टाकत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कागदावर तारीख आणि जागा लिहून पिशवी कॅबिनेटच्या आत चिकटवतो. पुढे ज्याच्या हाती हा सेट जाईल त्याला काय बदललं ते कळायला हवं. चासीखालचं रूपही जसंच्या तसं हवं असेल तर हेअर ड्रायरने मेण मऊ करून आतला गाभा ढकलून काढायचा आणि त्या नळीत नवा बसवायचा. काम निगुतीचं आहे, पण छान दिसतं.

याच बैठकीत कॅथोडचा रेझिस्टन्स मोजा. महिनोन् महिने तापलेला १५० ओहमचा रेझिस्टन्स बदललेला असू शकतो. वीस टक्क्यांहून जास्त फरक असेल तर नवा घाला, १ वॉटचा. त्याच्या समांतर असलेला छोटा इलेक्ट्रोलिटिकही नवा घाला, तोही तितकाच भाजलेला असतो.

एकदम सगळे कंडेन्सर उपटून नवे घालायचा मोह अनेकांना होतो. मी त्याच्या विरोधात आहे. एक बदलायचा, सेट लावून पाहायचा, मग दुसरा. दहा एकदम बदलले आणि सेट मुका झाला तर चूक कुठे झाली ते शोधायला रात्र जाते. मेणाचे आणि डांबराने बंद केलेले कागदी कंडेन्सर कधीतरी जाणारच, ते क्रमाने बदला. चपटे मायका आणि सिरॅमिकचे यांना कारणाशिवाय हात लावू नका. आणि आयएफटीचे (रेडिओच्या सिग्नलसाठी जुळवलेले छोटे ट्रान्सफॉर्मर) कोअर तर मुळीच फिरवू नका. या तक्रारीशी त्यांचा काडीचा संबंध नाही, आणि एकदा फिरवले की सिग्नल जनरेटरशिवाय जागेवर येत नाहीत.

घरघर उरली असेल तर ती एच.टी.च्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिकची. जुना डबा शोभेसाठी वर राहू द्या, त्याच्या तारा सोडवा आणि ३३ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे नवे खाली बसवा. ईझेड८० नंतरच्या पहिल्या कंडेन्सरला ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. २२० चा घातलात तर घरघर जाईल आणि पाठोपाठ रेक्टिफायरही.

मेन टॅप

हे छोटं काम जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. मागच्या बाजूला व्होल्टेज निवडायचा एक प्लग किंवा चकती असते, ११० पासून २४५ पर्यंत आकडे लिहिलेले. बहुतेक सेट २२० वर लावलेले सापडतात. तुमच्या घरी रात्री २४५ येत असेल तर फिलामेंटला ६.३ ऐवजी ७ व्होल्ट मिळतात. ईएल८४ची ग्रिड बिघडवायला एवढं पुरतं. भिंतीतल्या सॉकेटवर रात्री मीटर लावून पाहा आणि त्याच्या वरचा जवळचा टॅप निवडा. मग पिन ४ आणि ५ मध्ये एसी मोजा, ६.३ च्या आसपास हवं.

यू मालिकेचे सेट

काही शहरांच्या भागांत एकेकाळी डीसी मेन होतं, म्हणून एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारे सेट विकले जात. त्यांत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. मेनची एक तार सरळ चासीला जोडलेली असते, आणि प्लग उलटा बसला की संपूर्ण चासी २३० व्होल्टवर. बटणाचा छोटा स्क्रूसुद्धा जीव घेऊ शकतो. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेनशी थेट वायरचा संबंध तोडणारा) लावूनच उघडायचा. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचं साधन) म्हणजे आयसोलेशन नव्हे, त्यात मेन आणि सेट यांच्यात थेट वायरचा संबंध असतो. मागच्या पिकअप (रेकॉर्ड प्लेयर जोडायच्या) सॉकेटात मोबाइल जोडून आवाज तपासायची युक्ती एसी सेटात उपयोगी आहे, इथे ती करायची नाही.

आजार हाच, कारणही हेच. फक्त व्हॉल्व काढून पाहायची चाचणी इथे जमत नाही. सगळी फिलामेंट एकामागे एक जोडलेली असतात, एक व्हॉल्व काढला की सगळे विझतात. त्यामुळे इथे मोकळ्या टोकाची चाचणी करा, आणि नंतरही ग्रिडवर व्होल्टेज राहिलं तर आउटपुट व्हॉल्व दुसरा लावून पाहा. यूएल४१ या व्हॉल्वची आतून पाझरण्याबद्दल जुनी बदनामी आहे, त्याच्यावर संशय घ्यायला हरकत नाही. पिनांचे क्रमांक ईएल८४पेक्षा वेगळे असतात, तक्त्यात बघूनच मीटर लावा.

दुरुस्तीनंतर

सेट तासभर चालू ठेवा आणि पिन २ पुन्हा मोजा. ०.१ व्होल्टच्या खाली आणि स्थिर हवं. पिन ३ वर ७ ते ८. मेन ट्रान्सफॉर्मर गरम लागेल, पण तळहात टेकवून ठेवता आला पाहिजे. मेनच्या वायरमध्ये ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज घाला, जुन्या सेटांत तो बरेचदा नसतोच. मागचा भोकांचा पुठ्ठा परत लावा, आणि सेट भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागे चार बोटं जागा सोडा आणि वर दुलई किंवा भरतकामाचं कव्हर घालून वाजवू नका.